चारशे माणसं आणि एक कातळटप्पा : पुण्याजवळच्या एका गडवाटेचं प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्यातून पहाटे पाचला निघालं तर सातच्या आत पायथ्याशी पोचता येतं, असा हा गड. नाव लिहीत नाही. गावाने तशी विनंती केली आहे, आणि या लेखामुळे तिथे आणखी गाड्या गेल्या तर लिहिण्याचा हेतूच फसेल. तपशील वाचून कुणाला गड ओळखू आला तर त्यांनी तो मनात ठेवावा.

मी पुण्यातल्या एका छोट्या ट्रेकिंग गटात बारा-तेरा वर्षं आहे. आम्ही पैसे घेऊन ट्रेक नेत नाही. या गडावर मी पहिल्यांदा गेले तेव्हा पायथ्याच्या गावात चहासुद्धा विकत मिळत नव्हता, एका मावशींनी घरात बोलावून दिला होता. त्या मावशी या प्रकरणात पुढे महत्त्वाच्या आहेत.

वाट अशी आहे. गावठाण सोडलं की भाताची खाचरं लागतात, आणि वाट त्यांच्या बांधांवरून जाते. मग कारवीचं रान. कारवी फुलते सात-आठ वर्षांतून एकदाच, पण तिच्या मुळांनी डोंगरउतारावरची वीतभर माती वर्षभर धरून ठेवलेली असते. रान संपलं की घसारा, म्हणजे सुट्या माती-दगडांचा निसरडा उतार, आणि घसाऱ्याच्या शेवटी साधारण वीस फुटांचा कातळटप्पा. जुन्या खोबण्या आहेत, एक पुढची पायरी तुटलेली आहे. एका वेळी एकच माणूस चढू किंवा उतरू शकतो. तिथून दहा मिनिटांत दरवाजा.

ही वाट नेमकी कुणाची, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. खाचरं खाजगी मालकीची, सातबारावर वाटेची नोंद नाही. रान वनखात्याचं. वरचा गड पुरातत्त्व विभागाकडे. गावात ग्रामपंचायत आहे आणि कागदावर एक संयुक्त वन व्यवस्थापन समितीही होती, जिची बैठक कधी झाली ते जुन्या सदस्यांनाही आठवत नव्हतं. वाटेवर चालणाऱ्या माणसाची काळजी घेणं हे यातल्या एकाचंही काम म्हणून लिहिलेलं नव्हतं.

तो रविवार

करोनाची टाळेबंदी उठल्यावर गर्दी वाढत गेली, पण २०२३ च्या जुलैतला एक रविवार सगळं बदलून गेला. त्याच महिन्यात लोहगडावर माणसं तासन् तास अडकून पडल्याचे व्हिडिओ सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. आमच्या गडावरचा प्रकार कुणी फारसा पाहिला नाही, कारण तिथे रेंज नव्हती.

मी त्या दिवशी वर होते. साडेअकराला उतरायला लागलो तर दरवाजाच्या खालीच रांग होती. कातळटप्प्यावर खालून चढणारे आणि वरून उतरणारे समोरासमोर आले होते आणि कुणीच मागे सरकू शकत नव्हतं, कारण दोन्ही बाजूंना मागून माणसं लोटत होती. पाऊस आडवा. वाऱ्यात उभं राहून दोन-अडीच तास गेले. माझ्या पुढे एक मुलगी होती, विशीतली, सुती टी-शर्ट आणि जीन्समध्ये. आधी ती थरथरत होती. मग थरथर थांबली आणि ती विचारलेल्या प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायला लागली. थरथर थांबणं हे बरं वाटण्याचं लक्षण नसतं, शरीर हरायला लागल्याचं असतं. आम्ही तिचे ओले कपडे काढून कोरडा स्वेटर घातला, दोन रेनकोटांच्या आडोशाला घेतलं, गूळ खायला दिला. ती वाचली. त्याच सुमारास खालच्या बाजूला एक मुलगा रांग टाळायला घसाऱ्यावरून आडवा गेला आणि घोटा मोडून बसला. गावातल्या सहा पोरांनी त्याला घोंगडीच्या झोळीतून खाली नेलं. तीन तास लागले.

त्या दिवशी गडावर किती माणसं होती? संध्याकाळी सरपंचताईंच्या ओट्यावर बसून आम्ही हा प्रश्न विचारला. कुणी पाचशे म्हणालं, कुणी दोन हजार. मोजलंच नव्हतं कुणी.

काटेरी कुंपण

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बोराटीच्या काट्या टाकून त्यांच्या बांधावरची वाट बंद केली.

पुण्यातल्या अनेकांनी यावर फार कडक शब्दांत लिहिलं. गड सगळ्यांचा आहे, एका बाईला तो अडवायचा काय अधिकार, वगैरे. मी बांधावर जाऊन पाहिलं. लावणीला चारच दिवस झाले होते. बांध चिखलाने निसरडा झाला म्हणून लोक खाचरात उतरून चालले होते आणि दोन खाचरांमधली रोपं पार गाडली गेली होती. बांध फुटून पाणी वाहून गेलं होतं. मावशी म्हणाल्या, "ताई, तुमचा रविवार होतो, आन् आमचं वर्साचं खाणं जातं. रोप परत कुठनं आणू? शेजारच्यांचं पण लावून झालं."

यावर काय उत्तर द्यायचं?

त्यांना आणखी एक भीती होती, ती नंतर हळूहळू कळली. गावात कुणीतरी सांगितलं होतं की एवढी वर्षं लोक चाललेत, आता वहिवाट लागेल आणि जमीन जाईल. ही भीती अगदीच निराधार नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्क म्हणून वापर झाला तर वाटेचा हक्क निर्माण होऊ शकतो. पण त्यातले "हक्क म्हणून" हे शब्द कळीचे आहेत. मालकाच्या परवानगीने चाललेली माणसं हक्काने चाललेली ठरत नाहीत. म्हणजे वाट अडवण्यापेक्षा लेखी परवानगी देणंच मावशींच्या जमिनीला जास्त सुरक्षित होतं. आमच्या गटातल्या एका वकील मित्राने हे त्यांना आणि त्यांच्या मुलाला दोन वेळा बसून समजावलं. पहिल्या वेळी त्यांचा विश्वास बसला नाही. माझीही जमीन असती तर पहिल्या वेळी माझाही बसला नसता.

मोजणी

त्या पावसाळ्यातले उरलेले रविवार आम्ही दोन गोष्टी मोजल्या. गावातली दहावीतली एक मुलगी आणि तिचा भाऊ वहीत गाड्यांच्या रेघा ओढत बसायचे. सर्वांत गर्दीच्या दिवशी २१२ दुचाकी, १४० चारचाकी आणि ९ मिनीबस आल्या. दुचाकीला दोन, चारचाकीला चार, मिनीबसला वीस असं धरलं तर साडेअकराशेच्या आसपास माणसं.

दुसरी मोजणी कातळटप्प्यावर, घड्याळ लावून. एका माणसाला चढायला सरासरी अर्धा मिनिट लागत होता. उतरायला पाऊण मिनिट, कारण उतरताना पाय कुठे ठेवायचा ते दिसत नाही. म्हणजे तासाला १२० माणसं चढू शकतात, पण ८० च उतरू शकतात. पावसाळ्यात चारनंतर ढग खाली येतात, तोवर सगळी माणसं टप्प्याखाली हवीत. अकरा ते चार, पाच तास. पाच गुणिले ऐंशी, चारशे.

हा आकडा वहीत लिहिला तेव्हा आम्ही सगळे गप्प झालो. तोवर चर्चा "गर्दी फार झालीय" एवढ्यावरच फिरत होती, आणि तिला काही शेंडाबुडखा नव्हता. आता गडानेच आपला आकडा सांगितला होता. पुढच्या प्रत्येक बैठकीत, सरकारी असो वा गावातली, हा हिशोब मांडला की वाद कमी व्हायचा. तो कुणाच्या मतावर अवलंबून नव्हता. कुणीही घड्याळ घेऊन टप्प्यावर जाऊन बसावं आणि तपासावं.

समोरचे पर्याय

त्या हिवाळ्यात गावात चार बैठका झाल्या.

पहिला पर्याय पूर्ण बंदीचा. पावसाळ्यात जिल्हा प्रशासन धोक्याच्या ठिकाणी मनाई आदेश काढतं. तेव्हा तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघायचा, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. असा आदेश साधारणपणे दोन महिन्यांपुरता असतो. तो लावायला दर रविवारी पोलीस लागतात, आणि तालुक्यात अशी ठिकाणं पुष्कळ. शिवाय तोवर गावातल्या पंधरा-वीस घरांची चूल पावसाळ्यात ट्रेकर्सच्या पिठलं-भाकरीवर पेटायला लागली होती. पोलीस पाटलांनी बंदीला पाठिंबा दिला, त्यांनाच झोळ्या उचलाव्या लागत होत्या म्हणून. त्यांचं म्हणणं मला आजही चुकीचं वाटत नाही.

दुसरा, कास पठारासारखं ऑनलाइन आरक्षण. कासवर दिवसाला तीन हजारांची मर्यादा आहे आणि आसपासच्या गावांची समिती ती राबवते. पण तिथे लोक डांबरी रस्त्याने येतात, फाटकं आहेत, हंगाम जेमतेम महिना-दीड महिन्याचा. आमच्याकडे मोबाइल दाखवून तपासायला रेंजच नाही. आणि मला स्वतःला यात एक गोष्ट खटकत होती: ॲप वापरणाऱ्या पुणेकराला गड मिळेल, आणि तालुक्याच्या गावातून मित्रांबरोबर सहज निघालेल्या पोराला मिळणार नाही.

तिसरा, फक्त शुल्क. सिंहगडाच्या घाटात गाड्यांकडून शुल्क घेतलं जातं, तसं. त्याने गावाला पैसा मिळतो, पण गर्दी कमी होत नाही. दीड-दोनशे रुपयांचं पेट्रोल जाळून आलेला माणूस पन्नास रुपयांसाठी मागे फिरत नाही.

चौथा, टप्प्यावर लोखंडी शिडी आणि रेलिंग. एका स्थानिक पुढाऱ्याला हाच आवडला, उद्घाटन करता येतं म्हणून नव्हे, त्यांना खरंच तो सुरक्षित वाटत होता. पुरातत्त्व विभागाच्या परवानगीचा प्रश्न होताच. पण मुख्य आक्षेप असा की टप्पा रुंद केला तर गर्दी वर जाऊन दरवाजात अडकेल, तिथून दरीकडे, आणि तिथे पडणारा घोट्यावर निभावणार नाही.

शेवटी ठरलं ते हे: मर्यादा गडावर लावायचीच नाही, गाड्यांवर लावायची. या गावात चालत कुणी येत नाही. ६० चारचाकी, ५० दुचाकी, ३ मिनीबस. वरच्याच हिशोबाने बरोबर चारशे. जोडीला वेळेचा नियम: साडेदहापर्यंत फक्त चढायचं, अकरानंतर फक्त उतरायचं. एसटीने येणाऱ्यांना मोजायचं नाही. सकाळची गाडी भरून आली तरी त्यातले ट्रेकर वीस-पंचवीस असतात, आणि प्रत्येक चारचाकीत चार माणसं नसतातच. एसटीने येणाऱ्याला अडवणं मला तरी पाप वाटलं असतं.

पहिला पावसाळा

२०२४ च्या जूनमध्ये सुरुवात झाली आणि पहिलाच रविवार पूर्ण फसला.

आम्ही अडसर गावाच्या वेशीवर लावला होता. पावणेआठला जागा भरली. मग आलेल्या गाडीला सांगितलं, परत जा. पण रस्ता एका गाडीपुरता, एका बाजूला ओढा, दुसऱ्या बाजूला बांध. वळवायला जागा नाही. मागे गाड्या साचत गेल्या, दोन किलोमीटर रांग लागली आणि त्या रांगेत सकाळची एसटी अडकली. त्या एसटीने गावातल्या दुधाच्या किटल्या तालुक्याला जातात. दूध दुपारी एकला पोचलं आणि डेअरीने परत पाठवलं. संध्याकाळी अकरा घरांच्या दारात नासलेलं दूध होतं. गावात आमच्या बाजूने बोलायला सरपंचताई सोडून कुणी उरलं नाही.

चूक साधी होती आणि ती आमची होती. आम्ही चार बैठकांत माणसांचा प्रवाह मोजला, पण परत पाठवलेली गाडी कुठून वळेल हे एकदाही विचारलं नाही. गावातल्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याने ते एका वाक्यात सांगितलं असतं. आम्ही विचारलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात अडसर पाच किलोमीटर मागे, मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर नेला. तिथे वळायला जागा आहे. आता प्रश्न असा की फाट्यावरच्या पोराला वर जागा किती उरली हे कसं कळणार? रेंज नाही. यावरचा उपाय गावातल्या किराणा दुकानदाराने काढला. पुठ्ठ्याची टोकनं, प्लास्टिकमध्ये घातलेली, सुतळीत ओवलेली. लाल ६०, पिवळी ५०, निळी ३. गाडी आली की एक टोकन सुतळीतून काढून हातात द्यायचं, काचेवर ठेवायला. सुतळी रिकामी झाली की संपलं. मोजायचं नाही, फोन करायचा नाही, वाद घालायचा नाही. रिकामी सुतळी समोरच्याला दाखवायची. परत जाणारी गाडी टोकन देऊन जाते, पण नऊनंतर ते पुन्हा वापरायचं नाही. मी कचेरीत दिवसभर संगणकावर काम करते, आणि तरी सांगते, या प्रकरणातली सर्वांत चांगली यंत्रणा ती सुतळी होती.

दुसरी ठेच पैशांची. दुचाकीला २० आणि चारचाकीला ५० रुपये घेत होतो, पण पहिले तीन रविवार पावतीशिवाय. एका पर्यटकाने तक्रार केली. बरोबर केली. कुठल्या अधिकारात घेता, याला उत्तर नव्हतं. वसुली दोन आठवडे बंद ठेवावी लागली. त्या काळात वनखात्याच्या मदतीने संयुक्त वन व्यवस्थापन समिती पुन्हा उभी केली. तिची रचनाच अशी की गावकरी सदस्य असतात आणि सचिव वनखात्याचा कर्मचारी असतो, त्यामुळे बँक खातं, पावतीपुस्तक आणि हिशोब एका जागी आले. हे आधी करायला हवं होतं. घाई झाली होती आणि घाईत आपण गावाला एका आरोपाच्या तोंडी उभं केलं, याचं मला वाईट वाटतं.

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. जिल्ह्यात सगळीकडे निर्बंध आले. आमच्या गडाचाही विषय निघाला. तेव्हा सरपंचताई मोजणीची वही आणि टोकनांची सुतळी घेऊनच तालुक्याला गेल्या. आमच्यापैकी कुणीही बरोबर नव्हतं, त्यांनीच नको म्हटलं होतं. "पुण्याचे लोक बोलायला लागले की मग साहेब माझ्याशी बोलत नाहीत," हे त्यांचं कारण. गड चालू राहिला.

मावशींबरोबरचा कागद ऑगस्टमध्ये झाला. वाट खाचरांच्या मधून न जाता ओढ्याच्या कडेने वळवायची, त्यासाठी ओढ्यालगतची दीड फूट पट्टी जून ते सप्टेंबर परवानगीने वापरायची, समितीने वर्षाला ठरलेलं भाडं द्यायचं, आणि हा वापर हक्काचा नाही हे पहिल्याच ओळीत. मुलाने कागद मोठ्याने वाचून दाखवला. मावशींनी अंगठा न लावता सही केली. सावकाश, प्रत्येक अक्षर वेगळं काढत. मग त्या उठल्या आणि बांधावरच्या काट्या त्यांनीच ओढून बाजूला केल्या.

दुसरा पावसाळा

उन्हाळ्यात वाटेचं काम झालं. कारवीच्या रानात लोकांनी वळणं सोडून सरळ उतारावर आडवाटा पाडल्या होत्या. अशी आडवाट पहिल्याच मोठ्या पावसात ओहळ होते, कारण पाणीही माणसासारखंच जवळचा रस्ता शोधतं, आणि मग खालच्या कातळापर्यंत माती धुऊन जाते. आडवाटांच्या तोंडाशी दगड आणि वाळक्या फांद्या रचल्या, मूळ वाटेवर दर पंधरा-वीस पावलांवर तिरकी दगडी ओळ बसवली, म्हणजे पाणी वाटेवरून न धावता बाजूला उतरतं. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना ही कला बांध घालून घालून हातात बसलेली होती. आम्ही दगड वाहायचं काम केलं.

मर्यादेत एक बदल केला आणि त्यावर आमच्यात बराच वाद झाला. ६० चारचाकी आणि ५० दुचाकींऐवजी ४० चारचाकी आणि ९० दुचाकी. माणसं तितकीच. पण पहिल्या वर्षी टोकन संपल्यावर परत गेलेल्यांत मोठा भाग दुचाकीवरच्या कॉलेजच्या मुलामुलींचा होता. फर्ग्युसन रस्त्यावरून किंवा भोसरीतून पहाटे चारला निघालेल्या त्या पोरांना चिंब भिजलेल्या अवस्थेत परत जा म्हणणं फाट्यावरच्या मुलांना जड जायचं. आमच्यातल्या एकाचं म्हणणं होतं की दुचाकीवरचीच पोरं जास्त धोका पत्करतात. असेलही. पण गडावर यायला चारचाकी घेईपर्यंत वाट पाहत बसा, असं त्यांना सांगायला मी तयार नव्हते.

१५ जून २०२५ ला कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा पादचारी पूल कोसळून चार जण गेले, तोही रविवारच होता. पुन्हा बंदीची चर्चा. यावेळी समितीने स्वतःहून दोन रविवार गड बंद ठेवला. मला हा निर्णय पटला नव्हता, आमचा पूल नव्हता आणि मोजणी चालू होती. सरपंचताई म्हणाल्या, "लोक घाबरलेत तेव्हा आपणही जरा थांबायचं असतं." दोन आठवड्यांनी चालू केला तेव्हा तालुक्याहून एकही हरकत आली नाही.

पैसे घेऊन ट्रेक नेणाऱ्यांशी एकदा जोराची खडाजंगी झाली. मिनीबसची नोंद बुधवारपर्यंत फोनवर करायची असा नियम होता. एक आयोजक नोंद न करता चार बस घेऊन फाट्यावर आला. दीडशेच्या वर माणसं, सगळ्यांनी पैसे भरलेले, ओरडाआरडा. फाट्यावर दोन कॉलेजची पोरं आणि ती दहावीतली मुलगी, आता बारावीत गेलेली. तिने सुतळी वर धरली आणि तशीच उभी राहिली. अर्ध्या तासाने बस वळल्या.

काय साधलं, काय नाही

दोन पावसाळ्यांत कातळटप्प्यावर कोंडी झाली नाही. झोळी उचलावी लागली ती एकदाच, पाय मुरगळल्यामुळे. मावशींचं भात दोन्ही वर्षं उभं राहिलं; यंदा त्यांनी इंद्रायणी तांदळाची पाच किलोची पिशवी माझ्या हातात दिली आणि पैसे घेतले नाहीत. शुल्कातून फाट्यावरच्या मुलांची मजुरी, भाडं आणि वाटेची डागडुजी भागते, फार काही उरत नाही.

नुकसान झालं ते वरच्या वस्तीचं. माचीखाली धनगरांची पाच घरं आहेत, ती ताक आणि लिंबू सरबत विकायची. साडेअकराशेची चारशे माणसं झाली आणि त्यांची विक्री तेवढीच खाली आली. गाड्यांच्या पैशात त्यांचा वाटा नाही, कारण पार्किंगची शेतं गावठाणातली. त्यांच्यापैकी एकही माणूस बैठकांना नव्हता. बोलावलं नव्हतं असं नाही. बैठका संध्याकाळी सातला असायच्या, आणि त्या वेळी त्यांना खाली येऊन रानातून रात्री परत जावं लागलं असतं. हे आमच्या लक्षात दुसऱ्या वर्षाच्या शेवटी आलं. आता वाटेच्या देखरेखीची मजुरी त्या वस्तीला द्यायचं ठरलंय, पण ताकाचं उत्पन्न त्यातून पूर्ण भरून निघत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

मोजणी आधी आणि बैठका नंतर, हा क्रम मी पुन्हा तसाच ठेवेन. समिती आणि पावतीपुस्तक पहिल्या रुपयाच्या आधी. अडसराची जागा ट्रॅक्टर चालवणाऱ्याला विचारून. वरच्या वस्तीची बैठक वरच्या वस्तीत, दुपारी.

आणि एक चूक अशी जिचे परिणाम अजून चालू आहेत. फाट्यावरून परत फिरणारे लोक विचारायचे, मग आता कुठे जाऊ? मुलांच्या तोंडी द्यायला आम्ही एक उत्तर तयार केलं होतं. डोंगराच्या पलीकडच्या बाजूने एक सोपी वाट आहे, धबधबा आहे, तिकडे जा. दोन वर्षं आम्ही शेकडो गाड्या त्या गावाला पाठवल्या आणि त्या गावाला कधी विचारलं नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये तिथल्या सरपंचांचा सरपंचताईंना फोन आला. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. त्यांनी एवढंच विचारलं की तुमची सुतळी कुठे मिळते.

दोन्ही गावांची पहिली बैठक दिवाळीनंतर पलीकडच्या देवळात झाली, दुपारी. त्या धबधब्याखाली एका वेळी किती माणसं सुरक्षित उभी राहू शकतात, हे अजून कुणी मोजलेलं नाही. ती मुलगी येत्या जूनपासून वही घेऊन तिथे बसणार आहे, आणि फाट्यावरच्या मुलांना ते तयार उत्तर देणं आम्ही बंद केलंय.